लोटाभर पाणी

दिवाळी हा उजेडाचा सण. म्हणून एका उजेडाचीच गोष्ट सांगतो. मी शाळेत विज्ञान शिकविले. निवृत्त झालो, पण शिकविण्याची खोड काही सुटली नाही.

गेल्या वैशाखात कर्जतजवळच्या एका ठाकुरवाडीत गेलो होतो. वाडीखालचा ओहोळ ठणठणीत कोरडा होता. वाळूत हातभर झिरा खणून एक म्हातारी त्याच्या कडेला बसली होती. मी तहानलेला. तिने न मागता लोटा पुढे केला. मी तो घटाघटा रिकामा केला आणि उपकार फेडावेत म्हणून सांगू लागलो :

"मावशी, आभाळात 500 किलोमीटर उंचीवर एक उपग्रह फिरतो. अमेरिकेच्या नासाने 2018 साली सोडलेला. तो लेसरचा हिरवा उजेड खाली टाकतो, सेकंदाला 10,000 वेळा. थोडा उजेड पाण्याच्या पाठीवरून परततो, थोडा तळाला शिवून. दुसऱ्याला किती उशीर झाला, त्यावरून पाण्याची खोली कळते. आपल्या इस्रोच्या संशोधकांनी त्याच्याच आधारे 2024 साली 29 किलोमीटर लांबीच्या रामसेतूचा पाण्याखालचा नकाशा काढला!"

रामाचे नाव निघताच तिने हात जोडले. मग विचारले, "मास्तर, पानी गढूळ असलं तर?"

"तर उजेड वाटेतच विरतो. नितळ समुद्रात मात्र 40 मीटरांपर्यंत पोचतो."

"आन् वाळूच्या खाली?"

"तिथे तो जातच नाही."

नापास मुलाकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले आणि वाटी उचलली. वाटीभर पाणी काढायचे, गाळ खाली बसेतो थांबायचे, पुन्हा वाटी बुडवायची. हंडा अजून अर्धाही भरला नव्हता. उजेडाचा उशीर सेकंदाच्या अब्जांशांत मोजण्याच्या गप्पा मी मारीत होतो. माझा लोटा भरायला तिला किती वेळ लागला असेल, हे मात्र माझ्या मनातही आले नव्हते.

मी वाटी मागून घेतली. घड्याळ लावून बसलो. एक लोटा भरायला बावीस मिनिटे लागली. तो मी तिच्या हंड्यात ओतला.

तिने झिऱ्यात कोपरापर्यंत हात घातला, तळची वाळू मुठीत दाबून पाहिली आणि म्हणाली, "आठ दिस पुरल."

पावसाला अजून तीन आठवडे होते.