केस्लापूरच्या वाटेवर

पांढरकवडा सोडून पाटणबोरीच्या पुढे गेले की रस्ता पैनगंगेकडे उतरतो. पूल ओलांडला की तेलंगणा. पण हे कळते ते पाट्यांवरून. अक्षरे गोल होतात, बाकी शेतातली कपाशी तीच, तूर तीच, आणि आदिलाबादच्या बसस्टँडवर चहा मागायला मराठी पुरते. आईचे माहेर जैनदच्या बाजूचे. लहानपणी ती वडिलांबरोबर छकड्यातून केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला गेली होती. त्यानंतर संसार, आजारपणे, आणि आता अठ्ठ्याहत्तरीतले गुडघे. ‘एकदा नागोबा पाहू दे,’ हे ती दर पौषात म्हणायची आणि आम्ही दर पौषात ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचो.

२०२३ साली मात्र निघालो. पौष अमावास्या २१ जानेवारीला होती. त्या रात्री मेश्राम कुळाची महापूजा होते आणि जत्रा सुरू होते. ती गर्दी आईला झेपणार नाही म्हणून दोन दिवस सोडून निघालो.

गाडी आमची बारा वर्षांची, पेट्रोलची. हायवेवर तिने काही तक्रार केली नाही. पूर्वी सात नंबरचा आणि आता ४४ नंबरचा म्हणतात तो श्रीनगर-कन्याकुमारी रस्ता. चौपदरी, सपाट. सत्तर-ऐंशीच्या वेगात गाडी लोण्यासारखी चालली होती. आदिलाबाद गावात शिरलो, पुढे कापसाने भरलेले ट्रॅक्टर लागले, आणि दुसऱ्या गियरमध्ये पाय जरा दाबला की गाडी हुंदके देऊ लागली. पुढे जाते, अडखळते, पुन्हा पुढे जाते. सिग्नलला उभी राहिली तर इंजिनाची रेस आपोआप वरखाली.

आई मागून म्हणाली, ‘काय रे, गाडीला उचकी लागली का?’

उचकी जुनीच होती. महिन्यापूर्वी एका मोठ्या वर्कशॉपने तिच्यापायी नवे प्लग, एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर बसवून चांगले लांब बिल हातात दिले होते. चार दिवस बरे वाटले. खरे तर ते चार दिवस मी हायवेवरच होतो, हे मला नंतर उमगले.

आदिलाबादच्या पुढे गुडीहतनूरला हायवे सोडून डावीकडे उटनूरचा रस्ता धरायचा असतो. त्या वळणावर गाडी दोनदा बंद पडली. पुढे चढउताराचा, जंगलातला रस्ता, येताना रात्र होणार, सोबत म्हातारी. मी परत फिरायच्या विचारात होतो. आई काही बोलली नाही. मांडीवरची नारळाची पिशवी तेवढी तिने खाली ठेवली. ते पाहवेना, म्हणून समोर दिसले त्या गॅरेजमध्ये गाडी घातली.

गॅरेज म्हणजे टिनाचे छप्पर आणि कडुनिंबाची सावली. मिस्त्री तिशीतला, त्याला सगळे उस्ताद म्हणत होते. एका वाक्यात तो मराठी, दखनी हिंदी आणि तेलुगू तिन्ही वापरायचा. मी सवयीने म्हणालो, ‘प्लग बघा, फिल्टर बघा.’ त्याने बॉनेटला हातही लावला नाही.

‘भाऊ, गाडी केव्हा झटके देते ते आधी सांगा. कशी देते ते मी पाहून घेतो.’

मग प्रश्न सुरू झाले. हायवेवर देते का? नाही. चढावर पूर्ण पाय दाबला तर? नाही, तेव्हा चालते. फक्त हळू चालवताना? हो. उभ्या गाडीला, न्यूट्रलमध्ये रेस दिली तर? तेव्हाही डगमगते. ‘मग क्लच नाही,’ तो म्हणाला, आणि आईसाठी खुर्ची आणवली.

मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर त्याच्याकडे होता. तो सांगत होता की इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते आहे. ‘पण हवा कुठून शिरते हे मशीन नाही सांगत,’ असे म्हणून त्याने एकेका इंजेक्टरचे सॉकेट काढून पुन्हा लावले. दर वेळी इंजिन सारखेच ढासळले. म्हणजे चारही सिलिंडर कामाला होते, एखाददुसरा प्लग मेलेला नव्हता. (हे घरी करून पाहू नये. प्लगच्या वायरी तर चालू इंजिनात मुळीच ओढू नयेत, जबर शॉक बसतो.)

नंतर त्याने इस्त्रीवाल्याकडे असते तशी पाण्याची फवारणीची बाटली घेतली आणि चालू इंजिनाच्या रबरी पाइपांवर, सांध्यांवर थोडे थोडे पाणी मारत गेला. मागच्या बाजूला, इंजिनातली वाफ परत आत नेणारा एक वाकडा पाइप असतो. त्याच्या टोकाशी पाणी पडले तसे ते चुर्र करून आत ओढले गेले आणि इंजिनाचा सूर बदलला. उस्तादने तिथे बोट दाबले. इंजिन शांत. बोट काढले, पुन्हा उचकी. मलाही दाबून पाहायला लावले. रबराच्या खालच्या अंगाला नखाएवढी भेग होती, वरून दिसणे शक्यच नव्हते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात वर्षानुवर्षे तापून रबर पापडासारखे होते, हे त्याचे म्हणणे.

पण मग हायवेवर का नाही? हे मला कळेना. तेव्हा त्याने जे सांगितले ते आपल्या सीमेवरच्या माणसाला चटकन समजण्यासारखे आहे. ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा आपण खरे तर हवेचे दार उघडतो. किती हवा आत गेली ते सेन्सर मोजतो आणि त्या हिशोबाने पेट्रोल सोडले जाते. भेग होती सेन्सरच्या पुढे. पूर्वी सीमेवर विक्रीकराचे नाके होते, जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये ते उठले. त्या काळी नाका चुकवून आडवाटेने माल यायचा, तशी ही हवा न मोजता आत येत होती. हळू चालवताना दार जेमतेम किलकिले असते, आत ओढ जबरदस्त असते, आणि मोजलेली हवा थोडी. त्यात चोरटी हवा मिसळली की हिशोब पार बिघडतो. पाय पूर्ण दाबला की दार सताड उघडते, ओढ कमी होते आणि एवढ्या हवेत तेवढी चोरी खपून जाते. माझ्या गाडीचे दुखणे हायवेने झाकले होते.

टोकाचा अर्धा इंच कापून त्याने पाइप पुन्हा चढवला, क्लिप आवळली. ‘नवा पाइप टाकून घ्या, हे काही कायमचे नाही.’ दीडशे रुपये झाले. दोनशे दिले तर पन्नास परत केले आणि आईला म्हणाला, ‘मावशी, नागोबाला आमचाही नारळ चढवा.’

केस्लापूरच्या फाट्यानंतर बैलगाड्यांच्या मागे चालावे लागले. दुसरा गियर, कधी पहिला. उचकी नाही. मेश्राम मंडळी महापूजेसाठी गोदावरीचे पाणी हस्तिनमडुगूहून अनवाणी चालत आणतात, दिवसचे दिवस चालत. जत्रेत पोचल्यावर कुळातल्या नव्या सुनांची देवाशी ओळख करून देतात, त्याला भेटिंग म्हणतात. वडांच्या झाडांखाली त्यांचा मुक्काम असतो. त्या झाडांकडे पाहून आई म्हणाली, ‘आमचा छकडा इथेच सोडला होता.’ ते झाड नेमके तेच का, हे मी विचारले नाही. देऊळ मात्र तिने पाहिलेले नव्हते. मेश्रामांनी आपसांत वर्गणी करून बांधलेले हे नवे दगडी मंदिर डिसेंबर २०२२ मध्येच उघडले. ‘तेव्हा लहानसे होते,’ एवढेच म्हणाली, आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली. गुडघ्यांची आठवण तिला नव्हती, मला होती.

नारळ दोन चढवले. एक आमचा, एक उस्तादचा.

परतताना रात्र झाली. गाड्यांची रांग संपेपर्यंत वीसच्या वेगाने आलो. गुडीहतनूरला प्रसाद द्यायला थांबलो, पण गॅरेजचे शटर पडले होते. कडुनिंबाखालच्या पानठेल्यावर पुडी ठेवली आणि उस्तादला द्या म्हणून सांगितले. पानवाला म्हणाला, ‘ठेवा, सकाळी येतो तो.’