बाजूला बसलेली आजी

धुळवडीच्या दिवशी लेकराला गच्चीवर पाठवू नये, हे मला कळत नव्हतं असं नाही. २०२१ सालची गोष्ट, मार्चची २९ तारीख. नांदेडला २५ मार्चपासून लॉकडाऊन लागलेला. पण वर्षभर घरात बसून कंटाळलेलं आठ वर्षांचं पोर, शेजारच्या मित्रानं जिन्यातून हाक मारली, नि मी म्हटलं, जा, दहा मिनिटं. दहा मिनिटांचा तास झाला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींचा फोन! "अहो, आमच्या बापलेकांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. तुमच्या बंटीला जरा वेगळं ठेवा."

जरा वेगळं! आमचं तळमजल्यावरचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं वीतभर अंगण नि न्हाणीघर एकच. माणसं चार. त्यांत सासूबाई बहात्तरीच्या, साखरेच्या. साठीपुढच्यांना १ मार्चपासून लस मिळू लागली होती, म्हणून त्यांची पहिली सुई तेवढी टोचून झालेली, दुसरी बाकी.

मी नियमाला पक्की. आतल्या खोलीत गादी घातली, पाण्याचा तांब्या ठेवला, चित्रांची पुस्तकं ठेवली नि बंटीला सांगितलं, चौदा दिवस इथंच. दार लोटून घेतलं. रात्री दोनला पाहते तर पोर गादीवर नाही. दाराच्या फटीशी उशी घेऊन झोपलेलं, गालावर रडण्याचे ओघळ.

सकाळी लातूरला आईला फोन लावला. ती कडाडलीच. "लेकराला कोंडून ठेवलीस का? आगं, तुला गोवर आला तेव्हा मी काय केलं होतं?"

मला आठवलं. दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, बाहेरच्या माणसानं आत यायचं नाही. पण आई मात्र रात्रंदिवस माझ्या उशाशी. तिला लहानपणी गोवर येऊन गेलेला होता, नि एकदा आला की तो सहसा पुन्हा येत नाही. म्हणून तिला भीती नव्हती. करोनाचं तसं नाही, तो पुन्हाही होतो, हे मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग तोंड बांधून बस. पण लेकराजवळ एकानं बसावंच लागतंय. बाकीच्यांनी लांब राहावं."

मला इथंच उमगलं. वेगळं राहण्याचे ते सारे नियम मोठ्या माणसाला धरून केलेले. आठ वर्षांच्या पोराला एकट्याला काढता येत नाही. काढायचंच तर एका मोठ्या माणसासकट. म्हणून मी नि बंटी आतल्या खोलीत, सासूबाई नि हे बाहेरच्या खोलीत, अशा घराच्या दोन वाटण्या केल्या. स्वयंपाक अर्थातच ह्यांच्याकडे गेला. त्यांच्या पिठल्याबद्दल मी काही लिहीत नाही.

न्हाणीघर आधी सासूबाईंनी वापरायचं, मग ह्यांनी, शेवटी आम्ही. आमचं झालं की खिडकी उघडी टाकून अर्धा तास कुणी तिकडं फिरकायचं नाही. ताटवाट्या साध्या साबणानं घासल्या तरी भागतं. मी मात्र त्या दिवसांत कोथिंबीर साबणात बुडवली, कड्या-कोयंडे पुसून पुसून हात सोलून घेतले. आज कळतं, हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. तो वेळ खिडक्यांवर घालवला असता तर बरं. एक बरं की उन्हाळा होता नि कूलर होता. कूलर खिडकीत बसवून बाहेरची हवा आत घ्यायची नि समोरची खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे हवा कोंडत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरनं मात्र पहिल्या दिवशी घाबरवलं. आकडा एकदम खाली! डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, नखांवर धुळवडीचा रंग आहे का बघा. होताच. पायाच्या बोटाला लावलं नि अठ्ठ्याण्णव आले. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर लगेच कळवा, असं त्यांनी बजावलं.

धुण्याभांड्याच्या मावशींना पगार घरपोच करते म्हणून सांगून महिनाभर येऊ दिलं नाही.

हे सगळं जमलं. जमेना ते सासूबाईंचं. पहिल्याच दिवशी त्यांचं ताट वेगळं वाढलेलं पाहून त्या म्हणाल्या, "मला बाजूला बसवायलीस व्हय?" मी गप्प. त्यांच्या तरुणपणी महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत बसावं लागे, ताट वरून वाढलं जाई. ते त्यांनी मला कैकदा सांगितलेलं. स्वतः घरच्या कर्त्या झाल्यावर ती रीत त्यांनीच मोडली होती. आणि आता सुनेनं ती मांडावी!

त्यातच बंटीनं खिडकीतून विचारलं, "आजी, तुला माझा विटाळ होतो का गं?" हा शब्द त्यानं कुठं ऐकला देव जाणे.

सासूबाई क्षणभर थांबल्या. मग पाटाऐवजी खुर्ची घेऊन अंगणाच्या टोकाला गेल्या नि तिथून मोठ्यांदा म्हणाल्या, "आरं, तुझा कसला विटाळ? मीच बाजूला बसलीय. म्हातारं हाड हाय, जपावं लागतंय." त्यानंतर त्या रोज सकाळी उन्हं चढायच्या आत तिथं बसत, बंटी खिडकीत. मधे चांगलं दहा फुटांचं अंतर. त्या पावकी-निमकी म्हणून घेत. "सात निम?" "साडेतीन!" शाळेच्या मोबाइलवरच्या वर्गात जे पोर झोपा काढी, ते इथं ओरडून ओरडून म्हणे.

आठव्या दिवशी दोघांचे नमुने दिले. तेव्हा संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसात द्यायचे असत. दोन्ही निगेटिव्ह. हे म्हणाले, झालं आता, सोड त्याला. मी सोडलं नाही. एका रिपोर्टानं सगळी शंका फिटत नाही, नि चौदा दिवस म्हणजे चौदा. ह्यावरून आमची थोडी वाजलीसुद्धा.

चौदावा दिवस १२ एप्रिलला भरला, दुसऱ्या दिवशी पाडवा. हे सकाळी कडुनिंबाचा डहाळा घेऊन आले. लॉकडाऊननंतरही निर्बंध होतेच, पण गाठी कुठून तरी मिळवल्या. सासूबाईंनी अंगणातूनच हात पुढं केला. बंटी गाठीची माळ घेऊन दारात उभा. पुढं जाईना. माझ्याकडं बघू लागला.

"जा की," मी म्हटलं.

तो आधी न्हाणीघरात गेला, साबणानं हात धुतले, नि मग पळत सुटला. सासूबाईंनी गाठी बाजूला ठेवल्या नि आधी त्याच्या तोंडात कडुनिंबाचं पान कोंबलं. त्यानं ते त्यांच्याच पदरावर थुंकलं.