दमाची पुंजी

उमापूरच्या पेठेत आमचे कापडाचे दुकान आजोबांपासून आहे. तीन पिढ्या गादीवर बसून गेल्या. धावण्याशी आमच्या घराण्याचा संबंध एसटी चुकू नये एवढ्यापुरताच. त्यामुळे अकरावीत शिकणाऱ्या माझ्या लेकीने एकदा जेवताना, "पप्पा, क्रॉस कंट्रीसाठी मी नाव दिलंय," असे सांगितले तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरली. "मुलीनं रानोमाळ पळायचं?" एवढेच आई म्हणाली. क्रॉस कंट्री म्हणजे आखीव ट्रॅकवर नव्हे, तर माती, गवत आणि चढउतार तुडवीत काही किलोमीटर धावणे, हे मलाही त्या रात्रीच कळले.

मी परवानगी दिली, पण पहाटे तिने एकटीने जायचे नाही या अटीवर. शेवगावच्या रस्त्याने ती पुढे धावे आणि मी स्कूटरवर मागे. स्वभाव व्यापाऱ्याचा, मी घड्याळ लावून हिशेब मांडू लागलो. पहिल्या दिवशी दोन किलोमीटर, आठवड्याने चार, पंधरवड्यात सात. शिवाय रोज कालच्यापेक्षा वेग अधिक हवा, हा माझा आग्रह. तिसऱ्या आठवड्यात तिच्या नडगीत कळ येऊ लागली. "आज राहू द्या ना, पप्पा," ती म्हणाली. "होईल सवय," मी म्हणालो. चार दिवसांनी तिला जिना उतरता येईना. तालुक्याच्या स्पर्धेच्या दिवशी ती पायाला शेक घेत घरी बसली होती. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. तेच मला अधिक लागले.

डॉक्टरांनी मला समजावले ते असे : धावू लागल्यावर हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडे आणि स्नायुबंध यांना मात्र महिने लागतात. श्वास साथ देतो म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि नडगी मागे राहते. दुकानाच्या भाषेत सांगायचे, तर भांडवल जमण्याआधीच मी उलाढाल वाढवली होती.

त्याच काळात अविनाश साबळे यांच्याविषयी वाचले. आमच्याच बीड जिल्ह्यातील, आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. शाळा सहा किलोमीटर दूर. तो चालत-धावत जाई. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे वाळवंट पाहिले. स्पर्धेत धावू लागला तो 2015 मध्ये, आणि तोही क्रॉस कंट्रीतूनच. पुढे 2018 मध्ये 3000 मीटर स्टीपलचेसचा 37 वर्षे जुना राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवले, तेव्हा सुवर्ण केवळ 0.05 सेकंदांनी हुकले. आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणले. त्याची वर्षे मी मोजली आणि माझा पंधरवडा आठवून खजील झालो.

दिवाळीनंतर पुन्हा आरंभ केला. या वेळी स्कूटर घरी ठेवून. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे. वेगाची कसोटी एकच : धावताना सोबत्याशी सलग वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटले की पाऊल मंद करायचे. बहुतेक वेळा वाक्य माझेच तुटे. आठवड्यातून चार दिवस धावणे, मध्ये विश्रांती. एकूण अंतर आठवड्याला साधारण दहाव्या भागाने वाढवायचे आणि दर चौथ्या आठवड्यात उलट कमी करायचे. डांबरी रस्ता सोडून शेताच्या पायवाटा धरल्या. पाऊस झाला की मात्र काळी माती बुटांना किलोकिलोने चिकटते, म्हणून त्या दिवशी सुट्टी.

एक अडचण आपल्या घरांतलीच. आमच्याकडे चौविहार पाळला जातो. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. बारा तासांहून अधिक काळ कोरड्या राहिलेल्या शरीराने लांब पल्ला धावणे योग्य नव्हे. त्यावर तोड आईनेच काढली : रोजची धाव लहान ठेवावी, आणि रविवारची लांब धाव नवकारसीनंतर, पाणी आणि थोडे खाणे घेऊन मग करावी. सूर्योदयानंतर 48 मिनिटे होताच ती उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राही. रानोमाळ पळण्याला नाक मुरडणारी हीच माझी आई!

पुढच्या वर्षी लेक तालुक्याच्या स्पर्धेत धावली. क्रमांक आला चौदावा. पण शेवटच्या चढावर इतर मुली चालू लागल्या असता ती न थांबता धावत होती, हे मी डोळ्यांनी पाहिले. घरी परतताना तिने विचारले, "पप्पा, उद्या यायचं ना?"

"उद्या विश्रांती," मी म्हणालो. ती हसली. तालुक्याची एक स्पर्धा गमावून शिकलेला हा धडा मला एकदाचा पाठ झाला, हे तिलाही पटले असावे.