मनगटावर वर्षाचा पगार

गेल्या रजेत पुण्यात एक घड्याळ घेतलं. ट्यूडर रेंजर, ३९ मिलिमीटर, काळी डायल, तीन काटे, कापडी पट्टा. किंमत अशी सांगतो: नव्याने भरती झालेल्या शिपायाचं मूळ वेतन महिना २१,७०० रुपये, म्हणजे वर्षाचे २ लाख ६० हजार ४००. घड्याळ साधारण तेवढ्यात बसलं. भत्ते धरले तर हिशेब थोडा सौम्य होतो, पण दुकानातून बाहेर पडताना माझ्या डोक्यात मूळ वेतनाचाच आकडा होता. सहा आठवडे झाले, तो अजून गेलेला नाही.

आधी घड्याळाबद्दल. हौशी मंडळी ज्याला ‘टूल वॉच’ म्हणतात, त्या जातीचं हे आहे. म्हणजे दागिना म्हणून न बनवता काम करण्यासाठी बनवलेलं: पाणबुड्याचं, वैमानिकाचं, गिर्यारोहकाचं. रेंजर हे मोहिमेचं घड्याळ. १९५२ ते १९५४ या काळात ब्रिटिशांची एक मोहीम उत्तर ग्रीनलंडमध्ये दोन वर्षं राहिली. नेता नौदलाचा कमांडर जेम्स सिम्पसन, आणि बरोबर सैन्यातली बरीच मंडळी. त्यांच्या हातावर ट्यूडरची ‘ऑयस्टर प्रिन्स’ घड्याळं होती. बीबीसीच्या रेडिओवर वेळेचे ठोके वाजले की ही माणसं बर्फात बसून आपलं घड्याळ किती पुढे, किती मागे, याची नोंद वहीत करायची. त्या मोहिमेला सत्तर वर्षं झाली म्हणून कंपनीने २०२२ साली आजचं रेंजर काढलं. यातला बराचसा भाग जाहिरातीचा, हे मलाही कळतं. पण बर्फात वही घेऊन सेकंद मोजणारी माणसं खरी होती आणि ती मला ओळखीची वाटली.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही की ते चमकत नाही. पोलाद जवळपास सगळीकडे घासून मंद केलेलं. रात्री हालचाल करताना आपण घड्याळाचं तोंड मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून घालतो, ती सवय असलेल्या माणसाला हे लगेच आवडतं. ३, ६, ९ आणि १२ हे आकडे मोठे आहेत, तासकाटा बाणासारखा, सेकंदकाट्याचं टोक गडद लाल. पहाटे चार वाजता बुखारी विझलेल्या बंकरमध्ये चष्म्याशिवाय वेळ दिसली. चाळिशीनंतर ही किरकोळ गोष्ट राहत नाही. पट्टा ऑलिव्ह ग्रीन आहे, आपल्या जुन्या ओजी गणवेशाच्या जवळचा रंग.

तक्रारीही दोन आहेत. तारखेची खिडकी नाही. सैन्यात प्रत्येक संदेशावर डीटीजी लिहावा लागतो, तारीख आणि वेळ एकत्र, आणि सलग आठवडा बाहेर असलं की वार-तारीख हमखास विसरायला होते. दुसरं, कापडी पट्टा पावसात भिजला की लवकर वाळत नाही. इकडे ईशान्येत पाऊस दार ठोठावून येत नाही, घरातच राहतो.

आता मुख्य गोष्ट, अचूकता. आतलं एमटी५४०२ हे यंत्र सेकंदाला आठ ठोके मारतं. पूर्ण चावी असली तर सत्तर तास चालतं. सीओएससी ही स्विस संस्था अशी यंत्रं पंधरा दिवस पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत तपासून प्रमाणपत्र देते. सरासरी रोज चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढीच चूक चालते. माझं रोज दोन सेकंद पुढे जातं. रात्री पाठीवर झोपवलं तर किंचित जास्त, चावीच्या बाजूवर उभं ठेवलं तर किंचित कमी. मीही वही केली आहे.

आणि या वहीत गंमत अशी दिसते की माझ्या ड्रायव्हरच्या हातावरचं प्लास्टिकचं कॅसिओ माझ्यापेक्षा बरोबर चालतं. साध्या क्वार्ट्झ घड्याळाची चूक महिन्याला पंधरा ते तीस सेकंद. माझ्या स्विस यंत्राची, सगळं छान असताना, महिन्याला मिनिटभर. निव्वळ काम हा निकष लावला तर त्याचं घड्याळ जास्त ‘टूल’ आहे, आणि ते त्याने किती रुपयांत घेतलं असेल हे इथे लिहीत नाही.

मग मी का घेतलं? अण्णा एसटीत कंट्रोलर होते, कराडच्या स्टँडवर. त्यांच्याकडे एचएमटीचं ‘जनता’ होतं, रोज चावी द्यायचं. एचएमटीने सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला आणि पुढची तीस वर्षं या देशाला वेळ दाखवली. दहावी पास झाला, एचएमटी. लग्न ठरलं, एचएमटी. आपल्या जुन्या लोकांना ‘जवान’ नावाचं मॉडेलही आठवत असेल. २०१६ मध्ये सरकारने तो घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं. १९९९ साली मी खडकवासल्याला निघालो तेव्हा अण्णांनी आपलं ‘जनता’ काढून माझ्या हातात बांधलं. पुढची चार वर्षं त्यांनी स्टँडच्या भिंतीवरच्या घड्याळावर काढली. त्या काळात त्यांच्या गाड्या वेळेवर सुटत होत्या का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, “गाड्या सुटायच्या. मला उगीच मनगट खाजायचं.”

अकादमीत कॅडेटला वेळ कधीच पुरत नाही. सायकलवरून स्क्वाड्रनमधून वर्गात, वर्गातून पीटीला, तिथून पोहायला, आणि प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं आधी पोहोचलं तरच वेळेवर पोहोचलं. त्या धावपळीत दिवसातली शांत अशी एकच मिनिट मिळायची, दिवे जायच्या आधी ‘जनता’ला चावी देण्याची. कमिशन मिळाल्यावर पहिल्या पगारातून जी-शॉक घेतलं आणि अण्णांचं घड्याळ परत केलं. जी-शॉकला चावी लागत नाही. वीस वर्षं ते इमानाने चाललं. पण ते रोजचं मिनिट गेलं ते गेलंच. नवीन घड्याळ हात हलला की स्वतःच चावी घेतं, तरी मी मळसूत्र सोडवून रात्री चार वळसे देतो. बायकोला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, “घराच्या हप्त्याला हात लागतोय का?” लागत नव्हता. “मग घे.”

घरचा प्रश्न सुटला. युनिटचा राहिला.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एका हवालदाराने विचारलं. आटपाडीकडचा आहे, आमच्या बॅटरीत एकटाच मराठी, म्हणून माझ्याशी मराठीत बोलतो.

“साहेब, नवीन घड्याळ?”

“हो.”

“बॅटरीवरचं?”

“नाही. हात हलला की चावी बसते.”

“केवढ्याला पडलं?”

अशा वेळी ‘मेहुण्याने भेट दिलं’ हे ठरलेलं उत्तर आहे. मीही अनेकांकडून ऐकलंय. शेजारी चार पोरं मग घेऊन उभी होती. मी खरा आकडा सांगितला. तो काही क्षण घड्याळाकडे बघत राहिला आणि अगदी सरळ आवाजात म्हणाला, “आमच्याकडं एवढ्यात ठिबकसकट एकरभर डाळिंब उभं राहतंय साहेब.”

त्यात टोमणा नव्हता. तो हिशेब करत होता, जसा मी पुण्यात केला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी दिलंही नाही. संध्याकाळी सुभेदार मेजर साहेब भेटले तेव्हा बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच होती. म्हणाले, “अच्छा किया साहब, सच बोला. लड़के तो फोन पर देख ही लेते.”

ते बरोबर होतं. जवानाला अधिकाऱ्याचा पगार माहीत असतो, पे मॅट्रिक्स सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. त्याला बघायचं असतं ते हे की हा माणूस आपल्याला काय समजून बोलतो. पण एवढ्यावर मी सुटलो असं मला वाटत नाही. ज्यांना मी डोंगरावर पाठवतो त्यातल्या कोणाचं तरी वर्ष माझ्या मनगटावर आहे, ही गोष्ट खरं बोलल्याने नाहीशी होत नाही. ती हातावर राहते आणि मला वाटतं, राहावी.

मी तोफखान्यातला माणूस. आमच्या धंद्यात घड्याळाचा अर्थ जरा वेगळा आहे. हल्ल्याची वेळ ठरते, तिला एच-अवर म्हणतात, आणि सगळा फायर प्लॅन तिच्या आधीच्या आणि नंतरच्या मिनिटांत लिहिलेला असतो. रेजिमेंटच्या अठरा तोफा एकाच जागी नसतात. दूरच्या तोफेचा गोळा हवेत जास्त वेळ असतो, म्हणून ती आधी डागायची, जवळची नंतर, म्हणजे पहिले गोळे एकाच क्षणी पडतात. आणि पायदळ त्या गोळ्यांच्या मागून चढत असतं. ठरलेल्या क्षणी मारा पुढच्या लक्ष्यावर सरकला पाहिजे. तोफेवरचं घड्याळ आणि चढणाऱ्या प्लॅटून कमांडरचं घड्याळ यांच्यात अर्ध्या मिनिटाचा फरक असला तर काय होईल, हे इथल्या जुन्या वाचकांना समजावून सांगायला नको.

म्हणून आदेशांच्या शेवटी एक ओळ येते: घड़ी मिलाओ. एक जण मोजतो, बाकीचे सेकंदकाटा थांबवून बोट चावीवर ठेवतात आणि खुणेला सोडतात. तिथे कोणाचं घड्याळ कुठल्या देशाचं, याला काही अर्थ नसतो. सगळ्यांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे, बस.

इकडे पूर्वेला आलं की हे जास्तच पटतं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळची. सध्याचं ठिकाण सांगता येत नाही, म्हणून वालाँग घ्या. मेजर असताना तिथे होतो. वालाँग साधारण ९७ अंशांवर, कराड ७४ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे दोन्हीकडच्या सूर्यात दीड तासाचा फरक. अण्णा दुपारी चार वाजता चहा घेतात तेव्हा डिसेंबरात इथे बॅटऱ्या पेटवायची वेळ झालेली असते. आसामच्या चहामळ्यांनी तर आपली ‘बागान टाइम’ तासभर पुढेच ठेवली आहे. सूर्य कोणाचंच ऐकत नाही. तरीही अण्णांचा आणि माझा चार एकच असतो, कारण तसं सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

गेल्या महिन्यात सराव झाला. आदेश संपले. मोजणी कोणी करायची? मी रेडिओ ऑपरेटरला सांगितलं. वय बावीस, हातावर कॅन्टीनमधून घेतलेलं कॅसिओ, सकाळीच जीपीएसच्या वेळेशी लावलेलं. त्याने मोजलं, “पाँच, चार, तीन, दो, एक, मार्क”, आणि त्याच्या शब्दावर मी रेंजरची चावी दाबली. माझं त्या वेळी अकरा सेकंद पुढे होतं. ते त्याच्या घड्याळाला जुळलं. हवालदार माझ्या समोरच उभा होता. त्याने आधी त्या पोराकडे आणि मग माझ्या मनगटाकडे पाहिलं, आणि स्वतःचं घड्याळ लावून घेतलं.

आता तोच नियम केलाय. वेळ त्या पोराकडून घ्यायची, किंमत विचारली तर खरी सांगायची, आणि घड्याळ फक्त मेसमध्ये न घालता जिथे बाकीचे असतात तिथे घालायचं. कडेवर दोन चरे पडले आहेत. एक तोफेच्या ट्रेलचा, दुसरा कशाचा ते आठवत नाही.

फोनवर अण्णांनी किंमत विचारली नाही. “रोज किती हलतं?” एवढंच विचारलं. दोन सेकंद म्हटल्यावर म्हणाले, “माझं मिनिटभर मागं पडतं. पण मी रोज लावतो.” पुढच्या रजेत दोन्ही घड्याळं रेडिओशेजारी ठेवून सकाळच्या बातम्यांना लावायची, असं ठरलंय. ‘जनता’चा सेकंदकाटा चावी ओढली तरी थांबत नाही. त्यामुळे थांबावं लागेल ते माझ्याच घड्याळाला.