पाहुण्यांची खोली, बजेट नऊ हजार

आमच्या घरात एक खोली आहे. तिला सगळे 'गेस्टरूम' म्हणतात, आणि गेल्या सहा वर्षांत तिथे एकही गेस्ट झोपलेला नाही. झोपणार कुठे? दिवाणावर गणपतीचं मखर, दिवाणाखाली दिवाळीचे आकाशकंदील, कोपऱ्यात कूलर, आणि मध्ये माझं ते व्यायामाचं सायकल यंत्र. (ताई, हसू नकोस. तुझ्याकडेही आहे.)

तर झालं असं की, फेब्रुवारीत हिंगणघाटहून आत्याच्या मुलाचा फोन आला. आत्याला रेडिएशन घ्यायचं ठरलंय, मानेवाडा रोडवरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात. पंचवीस वेळा, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरून पाच आठवडे. पुढचं वाक्य तो जरा अडखळतच बोलला. "आई म्हणते, जवळपास एखादी धर्मशाळा पाहून ठेव."

हॉस्पिटल आमच्या हुडकेश्वरहून ऑटोनं जेमतेम वीस मिनिटं. आणि बारावीची दोन वर्षं मी याच आत्याच्या घरी काढलेली. दोन खोल्यांचं घर होतं. मला अभ्यासाला आतली खोली दिली आणि ती स्वतः स्वयंपाकघरात चुलीशेजारी झोपायची. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिनं तर नाहीच. फोन ठेवला आणि सौ.ला म्हटलं, खोली रिकामी करायची. ती आधीच मखर उचलत होती.

हाताशी नऊ हजार रुपये होते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी बाजूला ठेवलेले. गच्ची थांबेल म्हटलं.

खोली रिकामी झाल्यावर भिंतीचा खरा अवतार दिसला. खालचं डिस्टेंपर पोपडे होऊन सुटलेलं, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका तडा. हुडकेश्वर २०१३ साली महापालिकेत आलं, त्याआधी ही ग्रामपंचायत. आमच्या प्लॉटखाली अजून शेताचीच काळी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घर तिच्याबरोबर थोडं थोडं हलतं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, भरून देतो. पण मे महिन्यात पुन्हा दिसला तर मला बोलवू नका." प्रामाणिक माणूस!

पेंटरनं मात्र ऑइल पेंट सुचवला. धुता येतो, चमकतो. पण त्याचा वास आठ-आठ दिवस जात नाही आणि आत्याला आधीच मळमळ. शिवाय ओल धरणाऱ्या भिंतीवर तो फुगून येतो. मग मला आजोबांचा चुना आठवला. चुन्याला तसा वास नसतो, भिंतीला श्वास घेता येतो आणि बुरशीही सहजी धरत नाही. फक्त जुन्या डिस्टेंपरवर तो टिकत नाही, म्हणून सगळं घासून काढावं लागलं. दोन दिवस एक माणूस आणि मी. खोकून खोकून जीव गेला.

कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवला. पाणी पडल्याबरोबर जे उकळायला लागलं, की मुलगी घाबरून पळालीच. (कुणी करणार असाल तर प्लास्टिकची बादली नको, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.) त्यात थोडी नीळ, थोडा डिंक. भिंत आधी पाण्यानं भिजवायची आणि पातळ हात द्यायचा. पहिला हात दिला तेव्हा भिंतीवर काहीच दिसेना. वाटलं, गेले पैसे. सकाळी उठून पाहतो तर पांढरं! चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, हे शाळेत शिकलो होतो. बघितलं पहिल्यांदाच. तीन हात दिले.

चुन्याची एक खोड म्हणजे तो अंगाला लागतो. रेडिएशनच्या जागची कातडी नाजूक होते, तिथे खरखरीत काही लागायला नको. मग सौ.नं ट्रंकेतून आजीचं जुनं नऊवारी लुगडं काढलं. इतकं धुवून धुवून मऊ झालेलं की हातात घेतलं तर कळू नये. ते दांडीवर घालून दिवाणामागच्या भिंतीला लावलं.

बाकी खर्च आता भरभर सांगतो. गादी पिंजून घेतली. गांधीबागेतून दोन सुती चादरी. बाथरूममध्ये धरायला दांडा. एक जुनी कमोडची खुर्ची. दिवाणाच्या पायांखाली विटा, कारण तिचे गुडघे. कूलरला नवा पंप आणि वाळ्याच्या ताट्या, नागपूरचा मार्च म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एकूण आठ हजार नऊशे. उरलेल्या शंभरात मोगऱ्याचं रोप आणणार होतो. सौ. म्हणाली, वास नको. मग जास्वंद आणली.

आत्या आली ती दारातच थांबली. विटा पाहिल्या, दांडा पाहिला. "काऊन रे बाबू, एवढा खर्च कायले केला? मी काय पाहुणी हाय?" मला काही उत्तर सुचेना. तेवढ्यात तिचं लुगड्याकडे लक्ष गेलं. जवळ गेली, पदराचं टोक चिमटीत धरलं. "मायचं हाय ना हे?" मग खूप वेळ काही बोलली नाही. मी चहा सांगायला आत गेलो. खरं तर पळालोच.

पहिल्या दोन शनिवारी हॉस्पिटलला सुट्टी म्हणून तिनं बॅग भरली होती. एसटीनं हिंगणघाट, सोमवारी पहाटे परत. आम्ही किती सांगितलं तरी ऐकलं नाही. "तुमचं घर तुम्हाले मोकळं पाहिजे," हेच.

काल चौदावं झालं. थकलीय, जेवण कमी झालंय. कूलरचा आवाज होतो म्हणून मला दोनदा ओरडली, मला बरं वाटलं. आज शनिवार. बॅग दिवाणाखालीच आहे, आणि ती सौ.ला विचारतेय की उद्या वांग्याची भाजी कुणी करायची.

तडा अजून दिसलेला नाही. चुना अर्धं पिंप उरलाय. हुडकेश्वर, पिपळा, बेसा भागात कुणाला हवा असेल तर कळवा, झाकून ठेवलाय.