डोंगा, गळ आणि अप्रमाद

वर्धा जिल्ह्याला त्याचे नाव एका नदीने दिले आहे. मध्य प्रदेशात मुलताईच्या परिसरात उगम पावलेली वर्धा नदी आपल्या जिल्ह्याची उत्तर व पश्चिम सीमा आखत येते आणि पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. धाम, बोर, वणा, यशोदा या नद्या जिल्ह्याच्या पोटातून वाहतात. बोर नदी हिंगणीजवळ अडविली गेली, धाम महाकाळी येथे, तर खुद्द वर्धेवर आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा प्रकल्प उभा राहिला. अशा जलाशयांच्या काठी आता सुटीच्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली आहेत. आमच्या आईवडिलांच्या पिढीला मजुरीतून उसंत नव्हती. सहल हा शब्द त्यांनी मुलांच्या तोंडून ऐकला. त्या पिढीची लेकरे आज डबे बांधून पाण्याकाठी जातात, ही समाधानाचीच गोष्ट आहे. परंतु पाण्याकाठी जाणे वेगळे आणि पाण्याची ओळख असणे वेगळे.

या स्मरणिकेत गुरुजनांच्या आणि वसतिगृहाच्या आठवणी अनेकजण लिहितील. मी मात्र आमच्या कुटुंबाच्या एका दिवसाविषयी लिहीत आहे. कारण त्या दिवसातून निघालेला विचार आपल्या विद्यालयाच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

हिवाळ्यातील एक रविवार होता. लहानमोठे मिळून आम्ही चौदा जण जिल्ह्यातील एका जलाशयावर गेलो. आई, थोरले बंधू व वहिनी, बहीण व भाऊजी, मामा-मामी आणि मुलांची पलटण. सोबत रोडगे भाजण्यासाठी गोवऱ्या, भाजीसाठी वांगी, मिरचीचा ठेचा. भाऊजींनी मासे धरण्यासाठी पुण्याहून चरखी लावलेली चकचकीत काठी आणली होती. मामांकडे बांबूची काठी, नायलॉनचा दोरा आणि गांडुळांचा डबा.

पहिले विघ्न चुलीजवळच आले. भाऊजींनी आमिषासाठी शेंगदाण्याची पेंड घालून मळलेली कणीक मामींनी रोडग्यांची समजून गोवऱ्यांवर चढविली. सर्वांची पोटे भरल्यावर या गोष्टीचा उलगडा झाला. मामांनी निवाडा दिला, की चव एरवीपेक्षा बरी होती! त्यानंतर भाऊजींनी गळ फेकला तो मागच्या बाभळीत अडकला. दुसऱ्यांदा फेकला तो आईच्या वाळत घातलेल्या पदराला लागला. आई प्रत्येक पौर्णिमेला उपोसथ पाळते. ती एवढेच म्हणाली, “सकाळी पंचशील घेता अन् दुपारी गळ टाकून बसता!” सारे हसले, पण तिच्या बोलण्यातली बोच माझ्या मनात राहिली.

तिसरा प्रकार हसण्यासारखा नव्हता. काठी हाताळताना भाच्याच्या अंगठ्यात गळ रुतला. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. आत शिरतो सहज, ओढला तर मांस फाडतो. घाबरलेली बहीण तो उपसू पाहत होती, तिला मामांनी थांबविले. दोरा कापून, अंगठा हलू नये असा रुमाल बांधून बंधूंनी त्याला मोटारसायकलवर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. गळ निघाला, धनुर्वाताची सुई टोचली गेली आणि दोन तासांनी तो वीर पट्टी मिरवीत परत आला.

दिवस कलताना एक मच्छीमार आपला डोंगा घेऊन काठाला आले. स्थानिक मत्स्य सहकारी संस्थेचे ते सभासद. जाळी पाहण्यासाठी निघाले होते. मुलांनी हट्ट धरला. “चार जण, त्याच्यावर नाही,” त्यांनी बजावले. पहिली फेरी सुखरूप झाली. दुसऱ्या फेरीला सूर्य टेकत आला होता आणि प्रत्येकाला तीच फेरी हवी होती. त्यांनी दोनदा नको म्हटले, तरी सहा जण बसले. मी आईसोबत काठावर होतो. काठापासून पन्नासेक फुटांवर मावळतीसह सर्वांचे छायाचित्र घ्यावे म्हणून भाऊजी उभे राहिले, सारे जण त्यांच्याकडे झुकले आणि डोंगा कलला.

त्या क्षणी मोठा आरडाओरडा झाला असे पुढे सगळेच सांगत. माझ्या ध्यानात राहिली आहे ती माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीची शांतता. तिने हाक मारली नाही, हात हलविला नाही. डोके मागे गेलेले, तोंड पाण्याच्या पातळीशी, आणि दोन्ही हात जणू पायरीवर टेकावेत तसे पाणी खाली दाबणारे. बुडणारा माणूस ओरडतो, ही आपली समजूत चित्रपटांनी करून दिली आहे. ज्याला श्वास पुरत नाही तो ओरडणार कशाने? ती खूण त्या मच्छीमारांनी ओळखली. “डोंगा सोडू नका!” असे ओरडत त्यांनी जाळ्याचा प्लास्टिकचा रिकामा कॅन भाऊजींकडे ढकलला आणि स्वतः मुलीकडे झेपावले. लाकडी डोंगा उलटला तरी तरंगत राहतो. त्याला धरून राहणारा वाचतो आणि काठ जवळ दिसतो म्हणून तो सोडणारा पुष्कळदा वाचत नाही. बहिणीच्या पायांत ओले लुगडे गुंडाळले गेले होते, तरी तिने डोंग्याची कड सोडली नाही. काठावरून दुसऱ्या मच्छीमाराने दोर फेकला. दहा मिनिटांत सहाही जण बाहेर आले.

पुतणी खोकली, उलटी झाली, रडली. रडली तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. तरीही आम्ही तिला रुग्णालयात नेले. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उमटू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिला रात्रभर ठेवून घेतले. त्या मच्छीमारदादांनी पैसे घेतले नाहीत. आईने पुढे केलेला रोडगा मात्र घेतला आणि खाता खाता म्हणाले, “पान्याले माणूस नाई समजत बाप्पा, वजन समजते.”

आमचे सहाही जण परत आले. सर्वांच्या घरी असे घडत नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात, झुंज येथे, आपल्याच वर्धा नदीत नाव उलटली. नातलगाच्या उत्तरकार्यासाठी एकत्र आलेल्या कुटुंबातील ११ जण त्यात गेले. एका मृत्यूचे दुःख वाटून घेण्यास जमलेल्या घरावर अकरा मृत्यू कोसळले. त्यापूर्वी ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळील वेणा जलाशयात ११ जणांची नाव बुडाली आणि ८ जणांचा अंत झाला. देशात पाण्यात बुडून दरवर्षी ३० हजारांहून अधिक माणसे मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. जगभरात २०२१ या एका वर्षात असे सुमारे ३ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून ठरविला.

रुग्णालयाच्या बाकावर बसून त्या रात्री मी मनाशी हिशेब मांडत होतो. आमच्या चौदा जणांत दोन अभियंते होते, एक शिक्षिका होती, एक बँक अधिकारी होता. पोहता येणारा मात्र एकही नव्हता. हे केवळ योगायोगाने घडले असेल का?

ज्या समाजाला सार्वजनिक विहिरीवर घागर बुडविण्याची आणि तळ्याच्या पायऱ्या उतरण्याची मनाई होती, त्या समाजातील बाप आपल्या मुलाला पोहायला कोठे नेणार? नदीकाठच्या गावांत अपवाद असतील; तेथील मुले डोहात उड्या मारीत शिकली असतील. परंतु पाण्याशी खेळण्यासाठी आधी पाण्यापर्यंत पोहोचावे लागते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत करवून घेतला. तरीही महाडचे चवदार तळे खुले झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथील पाणी ओंजळीत घेतले तेव्हा तो केवळ तहानेचा प्रश्न नव्हता, माणूस म्हणून मान्यता मिळण्याचा प्रश्न होता. मध्य प्रांतात असलेल्या त्या काळच्या वर्ध्यातही पाणवठ्यांवरील ही रीत निराळी नव्हती. त्या ओंजळीमुळे आपण पाण्यापर्यंत पोहोचलो. पाण्यात सुरक्षित राहण्याची विद्या शिकणे हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे, आणि तो आपणच गाठायचा आहे.

आता आईच्या त्या बोलण्याकडे वळतो. पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी होणारी हत्या आणि हत्येची इच्छा यांत भेद केला आहे. त्या कसोटीवर मच्छीमारदादांचे जाळे आणि भाऊजींची चरखी एका पारड्यात बसत नाहीत. एक पोटासाठी, दुसरी करमणुकीसाठी. गळ रुतलेल्या अंगठ्याकडे पाहून माझा भाचाच म्हणाला, “माशाला पण असंच होत असेल ना?” त्या दिवसापासून आमच्या घरी गळ नाही. मासे खाणारे खातात, कोणावर सक्ती नाही. परंतु कोणाच्या वेदनेचा खेळ करायचा नाही, एवढे ठरले.

परंतु या शिलाची दुसरी बाजूही आहे. प्राण घ्यायचा नाही एवढेच त्यात नाही, प्राण जपायचाही आहे. आणि जपण्यासाठी लागतो तो अप्रमाद. धम्मपदात अप्पमाद हा स्वतंत्र वग्ग आहे आणि महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्षूंना दिलेला अखेरचा उपदेश अप्रमादाचाच होता. आपण तो ध्यानाच्या आसनापुरता ठेवला. नावेत बसण्यापूर्वी ती किती जणांची आहे हे विचारणे हा अप्रमाद. मद्य घेऊन पाण्यात न उतरणे हे तर पाचवे शीलच.

मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात तराफ्याचा दृष्टान्त आहे. पैलतीरी गेल्यावर तराफा डोक्यावर वाहू नये, हा त्याचा उत्तरार्ध प्रवचनांत नेहमी येतो. माझे लक्ष अलीकडे पूर्वार्धाकडे जाते. तो प्रवासी गवत, काटक्या, फांद्या, पाने गोळा करतो, तराफा नीट बांधतो आणि स्वतःच्या हातापायांनी पाणी कापीत पलीकडे जातो. नीट बांधणे आणि हातपाय चालविता येणे, या दोन्ही गोष्टी तथागतांनी गृहीत धरल्या आहेत.

आपल्या वसतिगृहाचा एक नियम सर्व माजी विद्यार्थ्यांना पाठ असेल : नदीवर जायचे नाही. शेकडो लेकरांचा भार ज्यांच्या खांद्यावर होता त्यांच्या काळजीतून तो नियम आला आणि त्याने आपल्याला सुखरूप ठेवले. परंतु नियम फाटकापर्यंतच सोबत करतो. फाटकाबाहेर जलाशय आहेत, पुराचे नाले आहेत आणि आता गावोगावी शेततळीही आहेत. त्यांतील प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही. कडेला दोर बांधलेला नसेल तर धडधाकट माणसालाही बाहेर येता येत नाही. जलाशयाचा तळ तर आणखी फसवा असतो. बुडालेल्या झाडांचे खुंट, जुन्या विहिरी, गाळ, आणि गुडघाभर पाण्यापुढे एकाएकी लागणारे जुने नदीपात्र.

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालकांपुढे मी एक विनंती ठेवतो. आपल्या विद्यालयातून दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला पोहता आले पाहिजे. त्यासाठी तालुका किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या जलतरण तलावावर उन्हाळ्यात तुकड्या नेता येतील. प्रशिक्षित मार्गदर्शकासोबत जवळच्या भोई-ढिवर वस्तीतील जाणत्या माणसालाही मानधन देऊन सन्मानाने बोलवावे. पाण्याचे जे ज्ञान त्या समाजाने पिढ्यान्पिढ्या सांभाळले, ते कोणत्याही पदवीहून कमी नाही. विद्यालयाच्या सहलीसाठी जीवरक्षक जॅकेटांचा एक संच प्रत्येक माजी तुकडीने दिला तर तो फार मोठा खर्च नाही.

सोबत चार गोष्टी मुलांना पाठ असाव्यात. नावेत उभे राहायचे नाही. नाव उलटली तर ती सोडायची नाही. कोणी बुडत असेल तर पोहता येत नसताना उडी घ्यायची नाही. दोर, काठी, ओढणी, रिकामा कॅन, जे हाती येईल ते फेकायचे. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबण्यात किंवा त्याला उलटे धरून फिरविण्यात वेळ घालवायचा नाही. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्यायचा, छातीवर दाब द्यायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. हातांनी करून पाहावे लागते.

पहिली तुकडी केव्हा सुरू करावी, याचे उत्तर दिनदर्शिकेतच आहे. २० मार्च हा महाडचा दिवस उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. त्या दिवशी आपण दरवर्षी चवदार तळ्याचे स्मरण करतो, भाषणे देतो, पुष्पहार वाहतो. यंदापासून त्याच सायंकाळी पोहण्याच्या वर्गासाठी मुलांची नावे नोंदवून घ्यावीत. आमच्या घरातून पहिले नाव माझ्या पुतणीचे असेल. तिने ते स्वतःहून सांगितले आहे.