डोळ्यातलं तांबं

भाचीची कावीळ पुन्हा उलटली. गावात पुन्हा झाडपाला सुचवणारे निघालेच. तिचं अक्षरही बिघडलं होतं. पण त्याचा यकृताशी संबंध कोण लावणार? नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तिला आधी नेत्रतज्ज्ञांकडे धाडलं. स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेने सोनेरी-तपकिरी कडं दिसलं. विल्सनचा आजार! पित्तावाटे बाहेर पडायचं तांबं यकृतात, मेंदूत साठत जातं. रक्तात सेरुलोप्लास्मिन कमी, २४ तासांच्या लघवीत तांबं जास्त. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन वापरून दाखवलं, म्हणून निदान इलाज तरी आहे. गोळ्या जन्मभर, उपाशीपोटी. धाकट्या भावाचीही तपासणी करायची आहे. त्यालाही हा आजार असण्याची चारात एक शक्यता. ताईने तांब्याचा हंडा माळ्यावर टाकला. तांब्याच्या बाटल्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला हल्ली चिडच येते.